पाण्याची वाट

शुक्रवार पेठेतून हे सदर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने समुद्रप्रवासावर लेखणी चालवावी, हे वाचून आमच्या गल्लीतली मंडळी पोट धरून हसतील, याची मला पुरती कल्पना आहे. आम्ही सोलापूरकर म्हणजे कोरड्या जमिनीची माणसे. पाणी म्हणजे आमच्या लेखी तीन-चार दिवसांआड नळाला येणारी एक पाहुणी. ती यायच्या दिवशी घरातली सगळी भांडी रांगेत उभी राहतात आणि ती गेली की आम्ही पुढच्या वारीची वाट बघतो. नौकानयनाचा माझा सारा अनुभव म्हणाल, तर पंढरपुरास चंद्रभागेच्या होडीत तीन वेळा बसलो, त्यातल्या दोन वेळी डोळे मिटून. पोहणे येत नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कठड्यावरसुद्धा मी फार वाकत नाही.

पण आमच्या घरात एक व्यक्ती अशी आहे, की जिला सोलापुरात ६६ वर्षे राहूनही पाण्याचा विसर पडला नाही. ती म्हणजे आमची काकू.

काकूचे माहेर बोऱ्याचे. आता इथे थोडा घोटाळा होतो, तो आधी सोडवतो. सोलापुरात कुणालाही "माझं माहेर बोऱ्या बंदर" असे सांगितले की समोरचा म्हणे, "अस्सं, म्हणजे मुंबईच्या!" त्याच्या डोळ्यांपुढे व्हिक्टोरिया टर्मिनसचे बोरीबंदर उभे राही. काकूचे बोऱ्या बंदर वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या दक्षिणेला पालशेत, मग अडूर, आणि तिथेच समुद्राच्या एका वळणात, डोंगराच्या आडोशाला हे बंदर आहे. नकाशात शोधायला भिंग लागेल. काकू म्हणते, "मी बोऱ्याहून निघाले आणि बोरीबंदरला गाडीत बसले. एवढाच माझा प्रवास."

दररोज सकाळी काकू कालनिर्णयाकडे बघते, तिथी वाचते आणि पुटपुटते, "आज नवमी. पावणेसातला पुरी भरती." कोकणातला हा हिशोब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्रवार पेठेत या माहितीचा कुणाला काय उपयोग, असे आम्ही लहानपणी तिला चिडवत असू. ती म्हणे, "नसू दे उपयोग. तिकडे पाणी चढतंय, एवढं मला कळलं म्हणजे झालं."

१९५९ सालच्या माघात काकू सोळा वर्षांची होती. आई आधीच गेलेली, पाठीवर दोन धाकटे भाऊ. मुंबईच्या मामाने सोलापूरचे स्थळ जमवले. मुलगा रेल्वेत होता, म्हणजे आमचे काका. लग्न गिरगावात मामाच्या बिऱ्हाडी व्हायचे ठरले. मामा मुलीला न्यायला आला. आता वडिलांनीही जायला हवे होते. पण आगबोटीच्या भाड्याचे पैसे नव्हते, शिवाय दोन पोरे आणि बैल कुणाच्या गळ्यात टाकायचे? तेव्हा कन्यादान मामानेच करावे असे ठरले, आणि वडील पुळणीपर्यंत पोचवायला आले.

त्या काळी कोकणच्या माणसाची वाट पाण्यातून जाई, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी एकेक बंदर घेत खाली उतरे. बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव माणसे भरून तिच्याकडे जात. पडावात चढायलाही गुडघाभर, कधी कंबरभर पाणी. बायाबापड्यांना आणि पोरांना खलाशी सरळ खांद्यावर घेत. पावसाळ्यात हा सारा कारभार बंद. जेठात जो जिथे अडकला, तो भाद्रपदापर्यंत तिथे. १९२७ साली 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावास्येला, रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. तरी लोक बोटीनेच जात, कारण दुसरा धड रस्ता नव्हता. पुढे एस.टी. आली, पूल झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, आणि कोकणाने समुद्राकडे पाठ फिरवली.

तर काकूची मचव्यातली वाट बोऱ्याहून दाभोळपर्यंतची होती. पुढे आगबोट. एका खलाशाने तिला खांद्यावर घेऊन मचव्यात ठेवले. मचवा सुटला. बराच आत गेल्यावर वडील पुळणीवरून काहीतरी ओरडले. तोंडापाशी दोन्ही हात धरून ओरडले, हे तिने पाहिले. शब्द मात्र लाटांत गेले. तिने मामाला विचारले, "बाबा काय म्हणाले?" मामा म्हणाला, "कोण जाणे!"

त्याच वर्षीच्या आषाढात वडील वारले. बोटी बंद होत्या. पत्र सोलापूरला पोचले तेव्हा तेराव्यासुद्धा होऊन गेला होता.

ते न ऐकलेले वाक्य काकूने जन्मभर सांभाळले. सासूबाईंचे बोलणे लागले त्या रात्री तिला वाटे, बाबा म्हणाले असतील, "नको जाऊस, परत ये." पहिला मुलगा झाला तेव्हा वाटले, "सुखी राहा" म्हणाले असतील. काका गेले त्या वर्षी ती मला म्हणाली, "मला वाटतं, बाळ्या, ते काहीतरी करायला सांगत होते. आणि मी ते केलंच नाही."

मध्यंतरी ती बोऱ्याला तीनदा जाऊन आली, दोनदा एस.टी.ने आणि एकदा मोटारीने. भाऊ केव्हाच मुंबईला गेले, घराला कुलूप आहे. पण प्रत्येक वेळी परत आली की म्हणे, "गेले खरी, पण पोचले नाही. मी गेले पाण्याने. यायला हवं पाण्यानेच." मी म्हणे, "नेईन हो एकदा." हे 'एकदा' मी बावीस वर्षे पुढे ढकलले. कारणे सांगत असे तिच्या प्रकृतीची. खरे कारण माझी भीती, हे तिला ठाऊक होते. ती कधी बोलली नाही इतकेच.

गेल्या पौषात गड्ड्याची जत्रा उरकली आणि काकूने मला कालनिर्णय दाखवला. "वद्य अष्टमी धर. सहाला पुरी भरती. निघतानाच ओहोटी लागेल, ती खाडीतून बाहेर नेईल. शिवाय भांगेचं पाणी, उधाण नाही." मग क्षणभर थांबून म्हणाली, "पुढल्या पौषाचं मी सांगत नाही. ८२ झाली."

यावर कुठला पुरुष काय बोलणार?

गल्लीत बातमी पसरली. कुणी 'रामदास'ची गोष्ट साद्यंत सांगितली. कुणी थंडीसाठी सोलापुरी चादर आणून दिली. आमच्या डॉक्टरांनी काकूला तपासले आणि "हिला काही होणार नाही, तुम्ही जपा," असे मला सांगितले. पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण अशी मोटार चालवीत आमच्या चिरंजीवांनी आम्हाला धोपाव्याला आणले आणि तिथून फेरीबोटीवर मोटारीसकट खाडी ओलांडून दाभोळला. मोटार पाण्यावरून जाते हे पाहून माझी निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी दुसऱ्या दिवसासाठी पुरेशी होती.

दाभोळ आज एक निवांत गाव आहे. पण एके काळी विजापूरकरांचे हे मोठे बंदर होते. अरबस्तानातले घोडे इथे उतरत आणि घाट चढून आमच्या बाजूला येत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. आमच्या सोलापूरच्या किल्ल्यावर आणि या बंदरावर एकाच आदिलशाहीचा अंमल होता. तेव्हा शुक्रवार पेठेचा आणि समुद्राचा अगदीच संबंध नाही असे नाही, असा मी स्वतःला धीर दिला.

मासेमारीच्या बोटीतून प्रवासी नेता येत नाहीत, म्हणून पर्यटकांना समुद्रात फिरवणारी एक परवान्याची लाँच ठरवली होती. तांडेल साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा. बरोबर दोन तरुण खलाशी. आम्हाला नारिंगी जाकिटे चढवण्यात आली. काकूने ते नऊवारीवर घातले आणि विचारले, "हे बुडू देत नाही?" तांडेल म्हणाला, "नाही आजी." "मग आमच्या वेळी का नव्हतं?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

साडेसहाला सुटलो. डोक्यावर अर्धा चंद्र होता आणि पूर्वेकडून गार वारा पाठीवर येत होता. शाळेत भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे मी छड्या खाऊन पाठ केले होते. रात्री जमीन समुद्राआधी निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा उलट फिरतो, तो खारा. पन्नास वर्षांनी तो धडा मानेवर प्रत्यक्ष जाणवला. तांडेल म्हणाला, "दहाच्या आत बोऱ्याला लागू. दुपारी वरचा वारा सुटला की पाणी उठतं."

वाशिष्ठीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे वाळूचा बांध आहे. त्यावर नदीचे उतरते पाणी आणि समुद्राची लाट यांची गाठ पडते. लाँचची नाळ एकदा आभाळाकडे गेली, मग पाण्याकडे. मी बाकाची कड घट्ट धरली. काकू शेजारी मांडी घालून बसली होती, जणू देवळात कीर्तनाला.

बाहेर आलो. डावीकडे अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपगृह. त्याला लागून एन्रॉनने आरंभलेला तो गाजलेला वीज प्रकल्प आणि वायूच्या जहाजांचा लांबलचक धक्का. काकू म्हणाली, "हे नव्हतं." मग गुहागरची पुळण सुरू झाली, मैलोगणती सरळ, मागे सुरू आणि माडांची काळी रेघ. काकू म्हणाली, "हे होतं."

नेमक्या याच सुमारास माझ्या पोटाने असहकार पुकारला. त्याचे वर्णन दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचणाऱ्या वाचकांसाठी करणे बरे नाही. एवढेच सांगतो, की एका खलाशाने माझी कंबर धरली होती आणि दुसऱ्याने मला लिंबू चोखायला दिले. काकूने तेवढ्यात डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! ती तांडेलाला म्हणाली, "खा बाबा. महिनाभर टिकते. गलबतावर न्यायला अशीच भाकरी हवी." तांडेलाने एक तुकडा मोडला, कुरूम कुरूम खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. आमची भाकरी दर्यावर्दी आहे, हे शोधून काढायला एवढा प्रवास करावा लागला.

पालशेत मागे पडले. एका खडकाळ नाकाशी बुधलचे देऊळ आणि घरांची दाटी दिसली. तिथे पाण्यातून चार-पाच काळ्या पाठी वर आल्या आणि गेल्या. "डॉल्फिन," खलाशी म्हणाला. काकू म्हणाली, "गादा." दोघेही बरोबर होते.

मग काकू बोलायची थांबली. ती पुढे सरकून नाळेशी बसली. तांडेलाने एक वळण घेतले, आणि डोंगराच्या आड शिरताच लाटा अशा पडल्या, जणू कुणी पाण्यावर हात फिरवला. समोर एक वळणदार पुळण, माड, वर लाल कातळाचा उतार. चार होड्या डुलत होत्या. माणूस एखाद-दुसरेच. पलीकडे मच्छीमारांची वर्दळ होती, पण काकूने हात केला तो भलतीकडे. "तिकडं नको. इथं. त्या खडकासमोर."

तांडेलाने पाणी अजमावले. "चार वाव," म्हणाला. नांगर गेला, दोर सरसरला, इंजिन थांबले. तीन तास कानात भरलेला आवाज एकदम सरला आणि शांतता इतकी झाली, की पाणी लाकडाला लागते तेही ऐकू येऊ लागले.

काकू किती वेळ बसली होती, कुणास ठाऊक. मग म्हणाली, "इथवर आल्यावर ते ओरडले. ते तिथं, खडकाच्या उजव्या अंगाला उभे होते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळ्या, तू तिथं जाऊन ओरडतोस? मला एकदा बघायचंय, इथं काही ऐकू येतं का."

माझे पाय अजून थरथरत होते. पण त्या क्षणी 'नंतर बघू' हे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. लाँचमागे बांधलेल्या छोट्या होडीत मला अक्षरशः पोत्यासारखे उतरवले, आणि खलाशाने वल्ही मारीत मला पुळणीला नेले. शेवटचे चार हात मी पाण्यातून चालत गेलो. विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

खडकाच्या उजव्या अंगाला उभा राहिलो. लाँच लहानशी दिसत होती आणि नाळेवर नारिंगी जाकिटातला एवढासा ठिपका. वाटेत मी काय ओरडायचे याची तयारी केली होती. लेखक आहे ना! 'सुखी राहा' असे काहीतरी भारदस्त योजले होते. पण तिथे उभे राहून तो ठिपका पाहिला, पायाशी लाट फुटत होती, आणि तोंडाशी हात धरून मी जे ओरडलो ते असे: "सांभाळून गं! पोचलीस की पत्र टाक!"

कुठे पोचायचे, कुणाला पत्र, काही अर्थ नाही. पण तेच तोंडात आले.

होडीने परत लाँचवर गेलो. काकू म्हणाली, "तुझा आवाज आला. शब्द नाही आला एकही." मग जरा थांबून, "म्हणजे माझे कान चुकले नव्हते. कुणालाच आलं नसतं." आणखी थोड्या वेळाने तिने विचारले, "काय ओरडलास?"

मी ओशाळून सांगितले.

काकूने माझ्याकडे पाहिले. मग खडकाकडे पाहिले. तिचा चेहरा हळूहळू असा सैल झाला, की मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती. "हेच रे," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार? पोर निघाली की बाप दुसरं काय म्हणतो?" आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग ते मी केलं की! सोलापूरला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी कार्ड टाकलं होतं मी. त्यांना मिळालं होतं. उत्तर आलं होतं त्याचं."

वाचकहो, वडील खरोखर काय म्हणाले, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला तेही ठाऊक आहे आणि काकूलाही. पण ६६ वर्षे तिने जी वाक्ये योजली, त्यांत हे साधे वाक्य तिला कधी सुचले नव्हते. ते सुचायला कुणीतरी त्या जागी उभे राहून ओरडायला हवे होते. आणि मी ते बावीस वर्षे टाळले होते, पाण्याच्या भीतीने.

दुपारचा वारा सुटायच्या आत काकूला काठावर आणले. दोघा खलाशांनी हातांची चौरंगी केली आणि तिला पाण्यावरून उचलून कोरड्या वाळूत ठेवले. "गेले तेव्हा एकाने उचललं होतं," ती म्हणाली, "आता दोन लागतात." रस्त्याने मोटार घेऊन आलेले चिरंजीव वर वाट बघत होते. काकू बंद घरापर्यंत गेली, कुलपाला हात लावला आणि म्हणाली, "आता पोचले." परतीची वाट आम्ही मोटारीनेच धरली. तांडेलाने उरलेली भाकरी मागून घेतली.

सोलापूरला आल्यावर काकूने मला पोस्टातून एक कार्ड आणायला लावले. त्यावर बोऱ्याच्या घराचा पत्ता लिहिला आणि मजकूर एका ओळीचा: सुखरूप पोचले. मी म्हटले, "घराला कुलूप आहे, घेणार कोण?" ती म्हणाली, "पोस्टमन वाचेल की."

काकू अजून रोज सकाळी तिथीची पाऊणपट करते. मीही हल्ली करू लागलो आहे. आमच्या पेठेतल्या नळाला पाणी असो वा नसो, बोऱ्याला केव्हा चढते ते मला आता ठाऊक असते.

या दिवाळीत तुमच्या घरी लेकी-जावई, पोरे-नातवंडे येतील आणि भाऊबीज झाली की निघतील. निरोप द्यायला फाटकाशी उभे राहाल तेव्हा एक करा. जे सांगायचे ते गाडी सुटायच्या आधी सांगा, आणि जरा मोठ्याने सांगा.